रेडिओला हात लावायचा नाय

"चाचा का कान गया, भाई."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी गाडीत बसले होते, काच चार बोटं खाली होती, आणि समोरच्या करक, म्हणजे इथल्या कडक, चहाच्या दुकानापाशी एक व्हॅनवाला कागदी कप हातात धरून चहावाल्याशी बोलत होता.

"पक्का?" चहावाल्याने विचारलं.

"मेरी गाडी में एक साइड से बारीक आवाज आता ही नहीं था. चाचा पूछा, कैसा है? मैं बोला, एक नंबर. फिर पीछे की गली में जाके दूसरे से ठीक करवाया."

"बोलने का ना उसको."

"तेरे को बोलने का है तो तू बोल."

चहावाला हसला. आणि पुढचा कप भरायला लागला.

मी काच वर केली. एखादी गोष्ट ऐकलीच नाही असं स्वतःला पटवायची माझी ती जुनी सवय आहे. वीस पावलांवर, अर्ध्या वर केलेल्या शटरखाली, चाचा माझ्या गाडीसाठी आणलेले नवे स्पीकर खोक्यातून काढत होते. प्रत्येक स्पीकर दोन्ही हातांनी बाहेर काढायचा आणि खाली ठेवण्याआधी त्याच्या कागदी पडद्यावर हळूच फुंकर मारायची, ही त्यांची पद्धत. नवजात बाळाच्या डोळ्यांत काही गेलं असावं तशी ती फुंकर.

चाचांना मी आठ वर्षांची असल्यापासून ओळखत होते. सौदीत खोबर शहराच्या बाहेर सनाइया म्हणून गॅरेजांची वसाहत आहे, तिथे त्यांचा एका शटरचा गाळा होता. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला गाड्यांमध्ये मोठमोठे टचस्क्रीन बसवणारा, मध्ये चाचा. दुकानावर पाटी नव्हती. मूळचे ते दाभोळच्या खाडीकडचे. अंगात तपकिरी डगला, चष्म्याच्या दांड्या स्पीकरच्या वायरने मागे बांधलेल्या, आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी एक पेन्सिल सेल.

आमच्या गाडीचा पुढचा डावा स्पीकर पापड मोडल्यासारखा आवाज करायला लागला होता. बाबा जुबैलच्या एका प्लांटमध्ये इंजिनियर. त्यांना एखादी गोष्ट बिघडली की अख्खी बदलायची घाई असते. ते चाचांना हिंदीत म्हणाले की रेडिओसकट सगळं काढून टाका, नवीन बसवा.

"गाव कुठला?" चाचांनी मराठीत विचारलं.

"नाशिक."

"मग हिंदी कशाला फाडताय, साहेब? आणि रेडिओला हात लावायचा नाय."

"अहो, पण त्यात ब्लूटूथ नाही."

"नसू दे. रेडिओ गाडीच्या जन्माचा हाय. पोरीचं लग्न ठरलं म्हणून कोण तिचं नाक बदलतं काय? स्पीकर बदला. कागदाचा असतो तो, उन्हात वाळतो. रेडिओनं तुमचं काय वाईट केलंय?"

बाबांना राग यायला हवा होता. पण ते हसले, आणि आम्ही दर सहा महिन्यांनी काही ना काही कारण काढून तिथे जायला लागलो.

चाचांच्या बोलण्यात तंत्र असायचं, फक्त ते तंत्रासारखं वाटायचं नाही. गाडीच्या मूळच्या रेडिओची ताकद कमी असते. त्याला जड स्पीकर जोडला तर तो थकतो आणि आवाज बसतो. म्हणून ते हलके, पटकन हलणारे स्पीकर शोधून आणायचे. "म्हाताऱ्या माणसाला हलकं जेवण," असं म्हणायचे. गाडीची एकही वायर कधी कापायचे नाहीत. गाडीच्या प्लगला बसेल असा दुसरा प्लग लावायचे, म्हणजे उद्या सगळं होतं तसं करता येईल. आणि काढलेले जुने स्पीकर फेकायचे नाहीत. खजुराच्या रिकाम्या खोक्यांत घालून, वर मराठीत नाव लिहून फळीवर ठेवायचे. कुणी खुरूज लावून, म्हणजे इथला राहण्याचा परवाना संपवून कायमचं घरी निघालं आणि गाडी विकायला काढली, की चाचा त्याचं खोकं खाली घ्यायचे. जुने स्पीकर परत गाडीत जायचे आणि चांगले स्पीकर माणसाच्या सामानात. "गाडी इथली हाय, इथंच राहील. आवाज तुमचा हाय, घेऊन जा."

गाणी लावून स्पीकर तपासणं त्यांना मान्य नव्हतं. शेजारच्या दुकानात दिवसभर काचा थरथरवणारी गाणी वाजायची आणि चाचा तिकडे पाठ करून बसायचे. ते तपासायचे बोलण्याच्या आवाजावर. "गवयाचा आवाज बिघडला तर तुमाला काय कळतंय? आपल्या माणसाचा बिघडला की लगेच कळतं. बायकोला सर्दी झालेली फोनवर कळते की नाय?" म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आपल्या फोनमध्ये थोडंसं बोलायला लावायचे आणि मग तोच आवाज त्याच्या गाडीत वाजवायचे. फोन बदलत गेले, आवाज तेच राहिले. त्यात एक पंजाबी ट्रकवाला वीसपर्यंत आकडे मोजतो. एक मल्याळी नर्स मुलाला दप्तर भरायला सांगते. एक वयस्कर सौदी गृहस्थ भाजीची यादी म्हणतात आणि टोमॅटोपाशी विसरतात.

बाबांच्या हातात फोन दिला तेव्हा ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी इंग्रजीत, आग लागल्यास काय करावे, याच्या प्लांटमधल्या सूचना म्हणायला सुरुवात केली.

"असा बोलतो काय माणूस?" चाचा म्हणाले. "घरात बोलता तसं बोला."

बाबांनी फोन या हातातून त्या हातात घेतला. मग एकदम आईकडे वळून म्हणाले, "अगं, निघताना गॅस बंद केलास का?"

आई घाबरलीच. "केला की! केला ना? तुम्ही बघितलात?" तोवर चाचांनी फोन बंद केला होता. पुढची सगळी वर्षं आमची गाडी याच वाक्यावर तपासली गेली. गॅस बंद केलास का. चाचा सांगायचे की हे वाक्य फार कामाचं आहे, दोनदा स येतो. स नीट आला म्हणजे बारीक आवाज नीट आला.

माझ्या हातात फोन दिला तेव्हा मी आईच्या मागे गेले.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या शाळेत मराठी नव्हती. घरी आई-बाबा मराठीत विचारायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. नाशिकला सुट्टीत गेले की मी तोंड उघडायची वाट बघत भावंडं गोळा व्हायची. मी "माझी दात दुखते" म्हटलं होतं ते त्यांनी तीन उन्हाळे पुरवलं. कुठली वस्तू तो, कुठली ती आणि कुठली ते, हे सगळ्यांना जन्मतः कसं माहीत असतं ते मला कळायचं नाही. म्हणून मी मराठी ऐकायचे. बोलायचे नाही.

चाचांसमोर मात्र एकदा चुकून बोलले. नवे स्पीकर बसल्यावर बाबांचं ते वाक्य गाडीत पहिल्यांदा वाजलं, आणि बाबा जणू डॅशबोर्डवरच बसलेत असं वाटलं. मी म्हणाले, "स्पीकर किती छान बोलते!"

"बोलतो," आई म्हणाली. "तो स्पीकर. बोलते नाही, बोलतो."

माझे कान तापले. चाचा दाराचा स्क्रू पिळत होते. वर न बघता म्हणाले, "तिचं बरोबर हाय, वहिनी. ह्या गाडीतल्या बायाच हायत. चार बहिणी. दारातल्या दोन मोठ्या, वर आरशापाशी दोन धाकट्या. मोठ्या जाड बोलतात, धाकट्या बारीक."

ते विनोद करत होते असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. पण पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "डावी मोठी काय म्हणते?" आणि खजुराच्या ज्या खोक्यात आमचे मूळचे स्पीकर ठेवले होते त्यावर त्यांनी लिहिलं होतं: 'साहेब नाशिक. मोठी डावी, मोठी उजवी, धाकटी डावी, धाकटी उजवी.' इतर गाड्यांत स्पीकर तो असायचा. आमच्या गाडीत ती. माझी चूक त्यांनी मराठीत भरती करून घेतली होती.

त्यांचा आणखी एक शब्द होता, रुसणं. दोन स्पीकरांपैकी एकाच्या वायरी उलट लागल्या की एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. दोघंही वाजत असतात, पण मधला आवाज नाहीसा होतो. चाचा खिशातला पेन्सिल सेल काढून वायरींना टेकवायचे, कागद पुढे सरकला तर म्हणायचे "हसली", मागे गेला तर "रुसली". रुसलेलीच्या वायरी अदलाबदल केल्या की बाबा पुन्हा डॅशबोर्डच्या मधोमध येऊन गॅसची चौकशी करायचे.

मी दहा वर्षांची असतानाची एक दुपार मला अजून टोचते. उजव्या दारातून बारीक किरकिर येत होती. चाचांनी दार फणसासारखं बोटांनी ठोकून पाहिलं, कान लावला, आतलं आवरण काढलं, प्रत्येक क्लिपला कापडी चिकटपट्टी गुंडाळली. आवाज जाईना. बाबा म्हणाले, राहू द्या हो, ऐकू पण येत नाही. चाचा म्हणाले, "तुमाला येत नाय. मला येतो." उन्हाळा होता, पंखा गरम वारा फेकत होता, त्यांच्या डगल्याच्या पाठीवर घामाचा नकाशा झाला होता. तास झाला, दुसरा संपत आला. शेवटी त्यांनी हात कोपरापर्यंत दाराच्या पोकळीत घातला आणि माझी केसांची पिन बाहेर काढली. लाल, फुलपाखराची.

ती काचेच्या फटीतून आत पडली तेव्हा मी पाहिलं होतं. आवाज कशाचा आहे ते मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. मराठीत पिनेला काय म्हणतात ते आठवेना, पिन तो की ती हेही कळेना, आणि मग उशीर झाला, आणि उशीर झाल्यावर तर बोलणं अशक्यच झालं.

चाचांनी पिन पुसून माझ्या हातावर ठेवली. बाबा पाणी आणायला गेले होते, म्हणून आम्ही दोघंच होतो.

"माहीत व्हतं ना गो, बाय?"

मी मान हलवली.

"मग पुढच्या टायमाला सांगायचं. चुकीचं बोललीस तरी चालंल. मला कळंल." बस, एवढंच. बाबांना त्यांनी पिन कुणाची ते सांगितलं नाही.

"कसा हाय? खरा सांगा," हा त्यांचा काम संपल्यावरचा प्रश्न. तो ते रीत म्हणून विचारायचे नाहीत. कुणी नुसतं "मस्त" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. भाजीच्या यादीवाले सौदी गृहस्थ एकदा म्हणाले होते की टोमॅटो थोडा नाकातून येतो. चाचांनी आनंदाने त्यांची दोन्ही दारं पुन्हा उघडली होती. "हा माणूस ऐकतो," असं त्यांच्याबद्दल कितीतरी दिवस सांगत होते.

मी कॉलेजला पुण्यात गेले. तिथे नाइलाजाने मराठी बोलायला लागले, आधी रिक्षावाल्यांशी, मग मैत्रिणींशी. दोन वर्षांपूर्वी खोबरला परत आले, एका दवाखान्याच्या ऑफिसात कामाला लागले, आणि गाडीचं लायसन्स काढलं. बाबा कंपनीच्या बसने जुबैलला जातात. त्यांनी जुनी गाडी मला दिली. चाचांनी तेव्हा बसवलेल्या चारही बहिणींच्या कडेचं रबर एव्हाना उन्हाने भुगा झालं होतं. म्हणून मी एकटीच, स्वतः गाडी चालवत, सनाइयात गेले. टायरवाल्याने हातातलं काम थांबवून पाहिलं. चाचांनी पाहिलं ते फक्त गाडीकडे.

"रेडिओ तोच हाय ना?"

मी मान हलवली.

"शाबास. बायनं रेडिओला हात लावला नाय." आणि मग फोन वर करून, "तुझा आवाज अजून बाकी हाय. घाई नाय."

त्यानंतर ते आत नवे स्पीकर उघडायला गेले आणि मी काच खाली करून बसले. पुढे चहाच्या दुकानातलं ते बोलणं.

आता हे सगळं लिहिणं सोपं आहे. चाचा पुढच्याच वर्षी खुरूज लावून गावी गेले. आमचं खजुराचं खोकं जाण्याआधी मला आणून दिलं, ते माझ्या पलंगाखाली आहे. गावी गेल्यावर त्यांनी चिपळूणला जाऊन कान तपासले. जाड आवाज शाबूत होते, बारीक सगळे गेलेले. कानात यंत्र बसल्यावर त्यांचा मला व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबडा ओरडत होता. "बाय, रेडिओ जन्माचाच ठेवलाय हां. फकस्त स्पीकर बदललाय." मग स्वतःच हसले. "तो डॉक्टर इंग्रजी गाणं लावून विचारतो, बरोबर हाय काय? मी म्हटलं, थांब बाबा. फोन काढला, तुझं वाक्य लावलं. तिन्ही च ऐकाला आले."

माझं वाक्य त्यांच्या फोनमध्ये गेलं ते असं. चहाच्या दुकानातलं बोलणं ऐकलं त्याच दुपारी माझ्याकडून ते त्यांनी दुसऱ्यांदा म्हणवून घेतलं आणि भरून ठेवलं. पण पहिल्यांदा म्हणताना त्याचं असं काही होईल हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा म्हणताना मला एवढंच माहीत होतं की एक माणूस आयुष्यभर फक्त कानावर जगला आहे आणि त्याचा कान गेला हे त्याच्या गल्लीत त्याच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक आहे.

दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजानंतर चाचांनी काम संपवलं. सेल टेकवला, दोन्ही मोठ्या हसल्या. आरशाजवळची झाकणं बसवली, बोटांनी दाबली. मग माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले, फोनची वायर रेडिओत खुपसली आणि डोळे मिटले.

बाबा आले. सोळा वर्षांपूर्वीचे, तरुण, काळजीत पडलेले. पण ते मधोमध नव्हते. त्यांचा जाड आवाज समोर होता आणि दोन्ही स डावीकडे पळाले होते, जणू वाक्यातला तेवढाच भाग कुणीतरी उचलून दुसऱ्या खिडकीत नेऊन ठेवला होता. उजवा कोपरा मुका होता. त्या झाकणाखालचा प्लग बहुधा नीट बसला नव्हता. दोन मिनिटांचं काम. ज्या माणसाला दाराच्या पोटातली केसांची पिन ऐकू यायची, तो माझ्या शेजारी डोळे मिटून, मान डोलवत बसला होता.

"खलास," ते म्हणाले. "एकदम बरोबर. आं?"

समोर व्हॅनवाला अजून उभा होता. तो आमच्याचकडे बघत होता. मागची गल्ली मलाही माहीत होती. तिथे जाऊन कुणाकडूनही ते झाकण उघडून घेता आलं असतं, आणि चाचा आज घरी जाताना खूश असते. उद्याही. मग एखाद्या दिवशी कुणीच आलं नसतं आणि का ते त्यांना कधी कळलं नसतं. सगळे त्यांच्याशी इतके चांगले वागत होते की त्यांचं दुकान बसत चाललं होतं.

मी स्टीअरिंग धरलं. ओके म्हणायला तोंड उघडलं. तो शब्द माझ्याकडे नेहमी तयार असतो.

चाचांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात फोनवर होता, पुन्हा एकदा वाजवायच्या तयारीत.

"कसा हाय, बाय? खरा सांग."

मला ती लाल पिन आठवली. तेव्हा शब्द सापडला नव्हता. या वेळी होता, त्यांनीच खोक्यावर लिहून ठेवलेला. माझा आवाज गाडीत भलताच मोठा वाटला.

"चाचा," मी म्हणाले, "उजवीकडची धाकटी बोलत नाहीये."